सूर्योदय एकच, सीट सहा : कोलुक्कुमलाईच्या जीपवाल्यांचा हिशोब



"सर, एक सेकंडहॅण्ड फोर बाय फोर घेतो आणि शनिवार-रविवार लोकांना डोंगरावर फिरवून आणतो. धंदा चालेल का?" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी व्हिडिओ करावाच लागला. व्हिडिओत वेळेअभावी बरंच राहिलं, ते इथे लिहितो. प्रश्न चुकीचा नाही. पण "चालेल का" याच्या आधी "कसा चालतो" हे बघायला पाहिजे. आणि ते बघायला मला कोलुक्कुमलाईइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही.

मुन्नारला गेलेल्या बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं असेल. गंमत अशी की डोंगर तमिळनाडूत, थेनी जिल्ह्यात. आणि गाडीरस्ता मात्र केरळमधून, इडुक्की जिल्ह्यातल्या सूर्यनेल्ली गावातून. उंची सात हजार फुटांच्या वर. डोंगरावर चहाचा मळा आणि १९३०च्या दशकातला जुना चहाचा कारखाना. जगातल्या सगळ्यात उंच चहामळ्यांमध्ये त्याची गणती होते आणि तिथली प्रत्येक पाटी तुम्हाला ते सांगते. (सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे असलेली गोष्ट गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगायची आपल्याला उगाच लाज वाटते.)

ट्रिप अर्ध्या दिवसाची. मुन्नारमध्ये राहिला असाल तर पहाटे तीनच्या आसपास निघायचं, तासाभरात सूर्यनेल्ली गाठायचं. तिथे आपली गाडी ठेवायची आणि स्थानिक जीपमध्ये बसायचं. पुढचे दहा-बारा किलोमीटर चढायला तास-सव्वा तास लागतो. रस्ता म्हणजे मळ्यातून गेलेली दगडांची वाट. काळोख, कडाक्याची थंडी, आणि जीप डावी-उजवीकडे इतकी झुलते की मागच्या बाकावरचे सहा अनोळखी लोक पंधरा मिनिटांत एकमेकांचे नातेवाईक होतात. वर पोचल्यावर पूर्वेकडे तमिळनाडूचं मैदान हजारो फूट खाली, त्याच्यावर ढगांची गादी, आणि त्या ढगांतून सूर्य वर येतो. एका बाजूला मीसपुलीमला, २६४० मीटर. आणि जबडा उघडलेल्या सिंहासारखा दिसणारा सिंगप्पारा नावाचा खडक, ज्याच्यासमोर फोटोसाठी रांग. मग चहा, कारखाना बघणं, आणि नऊ-दहा वाजेपर्यंत खाली.

नजारा सुंदर आहे यात वादच नाही. पण तुम्ही तिथे उद्योजक म्हणून गेला असाल तर थोडा वेळ सूर्याकडे पाठ करा आणि उभ्या असलेल्या जीप बघा.

नाशवंत माल

सूर्योदय दिवसाला एकच होतो. भाजीवाल्याची मेथी संध्याकाळी निम्म्या भावात तरी जाते. जीपवाल्याची पहाटेची रिकामी सीट सूर्य वर आल्यावर कोणी फुकटसुद्धा घेत नाही. म्हणून तिथे दर माणशी नसतो, अख्ख्या जीपचा असतो. सहा जण बसा नाहीतर दोघं बसा, जीपचे पैसे तेवढेच. रिकाम्या सीटची जोखीम जीपवाल्याने गिऱ्हाइकाकडे सरकवली आहे. मला हा त्या धंद्यातला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो.

त्याचाच पुढचा भाग बघा. दोघंच आलेल्या जोडप्याला अख्खी जीप महाग पडते. मग त्यांना अजून चार माणसं कोण शोधून देतो? लॉजवाला, होमस्टेवाला, हॉस्टेलच्या काउंटरवरचा मुलगा. रात्री दहाला "उद्या कोलुक्कुमलाई कोण कोण?" असं विचारून जीप भरून देणारा माणूस. त्याच्याकडे जीप नाही, डिझेलचा खर्च नाही, टायर झिजत नाहीत. भांडवल नसलेल्यांनी या माणसाकडे नीट लक्ष द्या, त्याच्याकडे परत येऊ.

आणि धुकं? काही पहाटे पांढऱ्या भिंतीपलीकडे काहीच दिसत नाही. पैसे परत मिळत नाहीत. तरी लोक फार भांडत नाहीत, कारण चांगले ड्रायव्हर आधीच सांगतात की सूर्य दिसेलच असं नाही. ते विकतात जीपची रपेट, थंडी आणि वरचा गरम चहा. सूर्य दिसला तर बोनस. आपल्याकडे माणूस पहिल्याच पोस्टरवर "गॅरंटीड सनराईज व्ह्यू" छापतो आणि पहिल्या ढगाळ रविवारी तोंड लपवत फिरतो.

कारखान्याचंही असंच. तिथे चहा ऑर्थोडॉक्स पद्धतीने, म्हणजे पान वळून तयार करतात. आपल्या घरातला दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा. जुनी यंत्रं चालताना बघायची, कप प्यायचा, आणि मग समोरच पुड्या विकायला ठेवलेल्या. बाजारपेठेपासून इतक्या लांब असणं हा कुठल्याही मालासाठी तोटा. इथे बाजारपेठच पहाटे चार वाजता स्वतःच्या खर्चाने वर चढून येते.

आता आपल्या गाडीचा हिशोब

समजा तुम्ही लोणावळ्याजवळ हे सुरू करताय. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीकडे जाणारा रस्ता बराचसा कच्चा, वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक हाताशी. कल्पना म्हणून उत्तम. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या भागातले टाका, पण गणित हेच करा.

गाडी सहा लाखांची. दीड लाख खिशातले, साडेचार लाखांचं कर्ज, बारा टक्क्यांनी चार वर्षं. हप्ता बसतो सुमारे ११,८५०, वर्षाला १,४२,२०० रुपये. विमा, परमिट, फिटनेस, कर मिळून ४५,००० धरा. म्हणजे एकही ट्रिप झाली नाही तरी वर्षाला १,८७,२०० रुपये जाणार.

ट्रिपचा दर २,५०० धरू. त्यातून डिझेल ५००, ड्रायव्हर ५००, किरकोळ आणि कमिशन १००, आणि गाडीच्या झिजेसाठी बाजूला काढायचे ४००. उरले हजार. म्हणजे नुसता बांधलेला खर्च निघायला वर्षाला १८७ ट्रिपा पाहिजेत.

आता कॅलेंडर घ्या. वर्षात शनिवार-रविवार १०४. पावसाळ्याचे चार महिने कच्च्या रस्त्यावर लोकांना नेऊ नका, ते साधारण ३४ दिवस गेले. राहिले ७०. सकाळ-संध्याकाळ दोन ट्रिपा, त्याही प्रत्येक वेळी भरलेल्या, असं धरलं तरी १४०. अजून ४७ कमीच.

इथे बरेच जण म्हणतात, मग मीच चालवतो. चला, ड्रायव्हरचे ५०० वाचले, ट्रिपला दीड हजार उरले. १२५ ट्रिपांत खर्च निघाला, वरच्या १५ ट्रिपांचे २२,५०० नफा. आणि १४० ट्रिपांची तुमची मजुरी त्यातच आली. म्हणजे वर्षभरातला एकही कोरडा शनिवार-रविवार घरी न बसता, महिन्याला दोन हजारांच्या आत. याला धंदा म्हणायचं की स्वतःच विकत घेतलेली नोकरी, ते तुम्ही ठरवा.

त्या ४०० रुपयांच्या झिजेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण लोक पहिली कात्री तिथेच लावतात. डांबरी रस्त्यावर आपण गाडीचा खर्च किलोमीटरवर मोजतो. दगडी वाटेवर तो तासावर मोजायचा. बारा किलोमीटर, पण इंजिन तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओरडतंय, क्लच तापतोय, पाटे आणि बुश प्रत्येक दगडाला मार खातायत. उतरताना ड्रायव्हर लो गिअरमध्ये ठेवून इंजिनच्या जोरावर गाडी धरतो, सारखा ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून सुटतात. मीटरवर चोवीस किलोमीटर दिसतात म्हणून मेकॅनिकचं बिल चोवीस किलोमीटरचं येत नाही.

आणखी एक. हौसेने नवी तीन दारांची थार घेऊ नका. त्यात ड्रायव्हर धरून चार जण बसतात, म्हणजे गिऱ्हाईक तीन. कोलुक्कुमलाईला जुन्या, मागे समोरासमोर बाक असलेल्या महिंद्रा जीप दिसतात, त्या हौसेखातर नाही. दिसायला थार भारी, पण तीन सीटवर तोच खर्च काढायचा म्हणजे माणशी दर दुप्पट.

कागद आणि माणसाचा जीव

पांढऱ्या नंबरप्लेटच्या खाजगी गाडीतून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. "सगळेच नेतात" हे उत्तर अपघात होईपर्यंत चालतं. खाजगी गाडी भाड्याने वापरली हे दिसल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग नुकसानभरपाई तुमच्या घरातून जाते. व्यावसायिक पासिंग, परमिट, प्रवाशांचा विमा आणि रस्ता वनखात्याच्या हद्दीतून जात असेल तर त्यांची परवानगी, याआधी एकही बुकिंग घेऊ नका.

हे कठोर वाटत असेल तर याच डोंगरातली एक घटना सांगतो. मार्च २०१८ मध्ये कोलुक्कुमलाई-कुरंगणी परिसरात ट्रेकला गेलेले लोक वणव्यात सापडले. वीसहून जास्त माणसं गेली. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला वाळलेलं गवत, पळायला वाट नाही. सह्याद्रीतलं मार्च-एप्रिलचं गवत आठवा आणि विचार करा की तुमच्या जीपमधल्या सहा जणांना आग दिसली तर बाहेर काढायचा दुसरा रस्ता कुठला.

प्रशासनाचा भागही लक्षात घ्या. जुलै २०२५ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून इडुक्की जिल्ह्यातल्या जीप सफारी तात्पुरत्या थांबवल्या गेल्या. आदेश योग्य की अयोग्य हा वेगळा विषय; हप्ता मात्र त्या महिन्यातही पाच तारखेलाच कापला जातो. म्हणून तीन महिन्यांचे हप्ते बँकेत शिल्लक नसतील तर गाडी घेऊ नका. यात मी अजिबात सूट देणार नाही.

मग करायचं काय?

आता तो हॉस्टेलच्या काउंटरवरचा मुलगा आठवा. माझं मत स्पष्ट आहे, पहिले सहा महिने तुम्ही तो मुलगा व्हा. ज्या गावात जायचंय तिथे आधीच पिवळ्या पाटीची जीप असलेला कोणीतरी दादा असतो. त्याला गाडी चालवता येते, रस्ता पाठ आहे, पण मुंबईच्या गिऱ्हाइकाशी बोलणं, ऑनलाइन बुकिंग, सहा अनोळखी लोक जमवणं हे जमत नाही. ते तुम्ही करा. ट्रिपला तीनशे-चारशे कमिशन घ्या. वर जेवण-नाश्ता गावातल्याच घरांकडून घ्या. उधेवाडीत लोक जेवण देतातच. पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. शहरातून सँडविचचे डबे नेऊ नका, त्यासाठी कोणी डोंगर चढत नाही. पन्नास ट्रिपा भरून दाखवल्यात की गाडी घ्यायची की नाही हे तुमची वहीच सांगेल. कदाचित तोच दादा म्हणेल, भाऊ, निम्मं भांडवल घाला, दुसरी जीप काढू.

आणि वर्षाच्या सीझनपलीकडेही बघा. मुन्नारच्या डोंगरांत नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते. मागचा बहर २०१८ चा, पुढचा अपेक्षित २०३०. तिथला शहाणा जीपवाला गाडीचं कर्ज कधी फिटेल हे २०३० धरून ठरवत असेल. आपल्याकडे काजवे, कारवी, करवंदं आहेत. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. तुमच्या तालुक्यात ती मागे कधी फुलली होती, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा.

कोलुक्कुमलाईला स्वतः जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. जाड स्वेटर, कानटोपी, आणि पोट रिकामं ठेवा, नाश्ता खाली आल्यावर. मणक्याचा त्रास असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर त्यांना नेऊ नका. रोख पैसे जवळ ठेवा. आणि ड्रायव्हरशेजारची सीट मागून घ्या. मागच्या बाकावरून त्याचे पाय आणि गिअरवरचा हात दिसत नाही.