सहाध्ययनाचे पीक आणि त्याचा उतारा

धानाच्या हंगामात आमच्या गोंदिया जिल्ह्यात पीक कापणी प्रयोग होतात. शेत कोणाच्या मर्जीने नव्हे, तर चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडायचे, ठराविक मापाचा तुकडा आखायचा, धान झोडून तोलायचे. 1940 च्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना ही शिस्त रुजविली. रस्त्याकडेचे भरघोस शेत दाखवून साऱ्या गावाचा उतारा सांगण्याची सोय तिने, निदान कागदावर तरी, संपविली.

शिक्षकांच्या सहाध्ययनाविषयीच्या संशोधनात ती सोय अद्याप शाबूत आहे. केंद्रातील शिक्षकांनी दरमहा शिक्षण परिषदेस जमावे, परस्परांच्या अध्यापनातील अडचणींचा ऊहापोह करावा, ही कल्पना उत्तमच. परंतु तिच्यावरील अहवाल वाचले की हाती काय लागते? उत्साह संचारला, गुणवत्ता वाढली! परिषद किती तास चालली, शिक्षक बोलले की परिपत्रकांचे वाचनच झाले, बदलीमुळे मध्येच निघून गेलेल्यांची गणना कशात केली, मुलांची चाचणी शिकविणाऱ्यानेच घेतली काय, याविषयी अवाक्षर नसते.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाचे उदाहरण घ्या. तेथील ज्ञानरचनावादी वर्ग पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले. जून 2015 मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर गावोगावच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. रंग नेता येतो. पण त्यामागे शिक्षकांनी आपसांत काय चर्चिले, कोणते प्रयोग सोडून दिले, हे तपशीलवार लिहिलेले नसेल तर पाहुण्याने न्यावे तरी काय?

याउलट, 2005 पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालाशी अनेकांचे मतभेद आहेत. परंतु त्याची वाचनचाचणी आणि नमुना निवडण्याची रीत उघड असल्यामुळेच ते मुद्देसूद मांडता येतात. संशोधकाने काय मोजणार हे आरंभीच जाहीर करावे आणि जेथे काही साधले नाही ती केंद्रेही तक्त्यात ठेवावीत, एवढीच अपेक्षा आहे.

देवरी-सालेकसा भागात घरी गोंडी बोलणारे मूल मराठी पुस्तकासमोर बसते. तेथे एखादी सहाध्ययनाची रीत फसली असेल, तर ती का फसली हे शेजारच्या केंद्रातील शिक्षकास कळणे यशोगाथेहून मोलाचे. असा फसलेल्या प्रयोगाचा एकही अहवाल माझ्या वाचनात आलेला नाही.