गाणं जुनं, पण गळा आपला

नागपंचमी जवळ आली की आपल्या शिराळ्यात बचत गटाची बैठक हप्त्यावरून गाण्यावर कधी जाते, कळतही नाही. मागच्या बैठकीत एका ताईने सिनेमाच्या चालीवर बचतीचं गाणं रचून म्हटलं. दुसरी म्हणाली, "ही तर नक्कल झाली!" तेवढ्यात एक आजी बोलल्या. त्यांच्या ओव्या कुणीतरी मोबाइलवर टिपून नेल्या होत्या. पुढे नातवाच्या फोनवर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, खाली नाव मात्र भलत्याचंच. "आवाज माझा, मग नाव का न्हाई?" असं आजींनी विचारलं. आज आम्ही या दोन्ही गोष्टींवर बोलणार आहोत.

चाल उचलणं नवं नाही. सासरी गेलेली लेक माहेरची ओवी बरोबर नेते, तिकडे तिच्यातलं गावाचं नि भावाचं नाव बदलतं. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लहानपणी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून त्यांच्या लावण्या करायचे, असं सांगतात. त्याला कुणी चोरी म्हटलं नाही, कारण त्यांनी त्यात आपली भर घातली. २०१६ च्या 'सैराट'मधलं 'झिंगाट' २०१८ मध्ये हिंदी 'धडक'मध्ये आलं. चाल तीच, शब्द नवे. पण संगीतकार म्हणून अजय-अतुल यांचंच नाव लागलं. घेतलं ते सांगून घेतलं, तर ती चोरी नव्हे.

आता कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. कवीने हयातीत छापलेल्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या अशा लावण्या आता सर्वांना खुल्या आहेत. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले; त्यांच्या अशा गाण्यांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. गटात हौसेने, तिकीट न लावता गाणं म्हटलं तर अडचण नाही. पण सिनेमाची चाल किंवा वाद्यसंगीत वापरून व्हिडिओ काढून पसरवायचा असेल, तर परवानगी लागते.

आणि ओवी? तिला एक मालक नाही. पण ती गाणारीला कायद्याने हक्क आहे, तोही ५० वर्षं. तिच्या संमतीशिवाय तिचं गाणं टिपून विकता येत नाही, आणि गाणारी म्हणून आपलं नाव लावा असं ती सांगू शकते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नि गावांच्या नावांसकट. नोंद अशी ठेवावी.

म्हणून आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. कुणी टिपायला आलं, तर कशासाठी आणि कुठे वापरणार, हे आधी विचारायचं. गाण्याआधी आपलं नाव आणि गाव मोठ्याने सांगायचं, म्हणजे आवाजाबरोबर तेही टिपलं जाईल. आणि आपण चाल घेतली असेल, तर ती कुठली तेही सांगायचं.

या पंचमीला आजी पुन्हा गाणार आहेत. सुरुवात त्या आपल्या नावाने करणार आहेत. तुमच्या गटातही असं करून पाहा.