डोळे आले की थेंब, हा हिशेब चुकीचा

जुलै २०२३ मध्ये डोळ्यांची साथ महाराष्ट्र-गुजरातभर पसरली, सुरतही सुटली नाही. डोळे लाल झाले की आपली पहिली धाव मेडिकलवर, दवाखाना नंतर.

गैरसमज : डोळे आले की अँटिबायोटिकचे थेंब हवेतच.

वस्तुस्थिती : अशी साथ बहुधा विषाणूची, बऱ्याचदा ॲडिनोव्हायरसची असते. विषाणूपुढे अँटिबायोटिक निरुपयोगी. डोळे आठ-पंधरा दिवसांत आपोआप निवळतात आणि श्रेय थेंबांना मिळतं. दरम्यान पापणीवरचे साधे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात. स्टेरॉइड मिसळलेले थेंब तर फार वाईट : बुरशीची जखम असेल तर बुबुळावर कायमचं फूल पडू शकतं.

गैरसमज : अँटिबायोटिकची सवय शरीराला लागते.

वस्तुस्थिती : शरीराला नाही, जिवाणूंना. म्हणूनच कधी अँटिबायोटिक न घेतलेल्यालाही दाद न देणारा जंतू शेजाऱ्याकडून मिळू शकतो.

गैरसमज : सरकार अख्ख्या गावाला औषध देतं, मग आपण घेतलं तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती : ते औषध खुपऱ्या (ट्रॅकोमा) या डोळ्यांच्या जिवाणूजन्य रोगावर असतं. खुपऱ्यांचा जंतू हात, टॉवेल आणि माश्यांवरून एका पोराच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. एकालाच बरं केलं, तर भावंडाकडून तो परत येतो. म्हणून रोग फार असेल तिथे सगळ्या वस्तीला ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक एकाच वेळी, मोजून देतात. आफ्रिकेत या वाटपानंतर खुपऱ्यांच्या जंतूत औषधाला दाद न देण्याची ताकद फारशी दिसली नाही. ती वाढली मुलांच्या नाकातल्या न्यूमोकॉकस या जिवाणूमध्ये, ज्याच्यावर नेम धरलाच नव्हता. वाटप थांबल्यावर ती बरीच ओसरली. म्हणूनच रोग आटोक्यात आला की वाटप थांबवायचं असतं. भारतात खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरल्या नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केलं.

घाबरून घेतलेलं औषध वेगळं. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगमध्ये सुरतेत टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकसाठी झुंबड उडाली, दुकानं रिकामी झाली. रुग्णांच्या सहवासातल्यांना ते देणं योग्यच होतं. पण भीतीपोटी गोळ्या घेणाऱ्या कित्येकांना त्यांची गरज नव्हती. आज मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय उचललेल्या बाटलीमागे ना मोजमाप असतं, ना थांबण्याचा दिवस.

साध्या डोळे येण्यात थंड पाण्याच्या घड्या, वेगळा टॉवेल आणि वरचेवर हात धुणं पुरतं. मात्र डोळा ठणकला, धूसर दिसू लागलं, उजेड सोसेना, तान्ह्या बाळाचे डोळे चिकटले किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.