उन्हाळी मिरचीचं रोप घरातच
जानेवारीत ताथवड्याच्या परिसरात पहाटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. मिरचीचं बी मात्र २५ ते ३० अंशांच्या उबेत चांगलं उगवतं. गार मातीत ते दोन-तीन आठवडे हलतच नाही. म्हणून ट्रे बाल्कनीत नको, स्वयंपाकघरातच ठेवा. भिजवून पिळलेलं कोकोपीट, त्यात अर्धा सेंटिमीटर खोल बी, वर वर्तमानपत्र. कोंब दिसताच कागद काढून ट्रे भरपूर उजेडात हलवा. ही वेळ चुकवू नका, रोपं लांबट आणि लुळी होतात. पाणी बेताचंच, नाहीतर ती बुडाशी कुजून आडवी पडतात. टोमॅटो-वांग्यालाही हीच रीत. काकडी, दोडक्याच्या मुळांना धक्का सोसत नाही. ते बी कागदी कपात लावून कपासकट कुंडीत उतरवावं. मिरचीला चार-सहा पानं आली की आठवडाभर रोज थोडं वाढतं ऊन द्या, मगच कुंडीत लावा.