लाळेतली वंशावळ

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात निवाऱ्यातल्या एका कुत्र्याच्या तोंडातून बोळा फिरवून नमुना घेतला गेला. त्यातून वाढले कॅन्डिडा ऑरिस, बऱ्याच औषधांना दाद न देणारे आणि जगभरच्या रुग्णालयांना धडकी भरवणारे यीस्ट. हा शोध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'ऑरिस' म्हणजे कान. जपानमध्ये एका वृद्धेच्या कानात सापडलेल्या या यीस्टचे २००९ मध्ये बारसे झाले, तेव्हा कुत्र्याच्या तोंडाचा विचार कोणाच्या मनात असणार?

यीस्ट म्हटले की आपल्याला पाव आठवतो. पण कुत्र्याच्या ओठांच्या कडेला आणि कानांत मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस हे यीस्ट एरवी निमूटपणे नांदत असते. गंमत म्हणजे १९२५ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले ते भारतीय गेंड्याच्या कातडीवरून!

बशीत वाढवली की बहुतेक यीस्ट सारखीच दिसतात, पांढरट आणि सायीसारखी. रंग दाखवणाऱ्या खास माध्यमावर कॅन्डिडा अल्बिकन्स हिरवे उमटते. रक्तद्रवात ३७ अंशांवर ठेवले की दोन-तीन तासांत त्याला कोंब फुटतो. मात्र डब्लिनिएन्सिस या त्याच्या चुलतभावालाही तसाच कोंब येतो. ऑरिस तर त्याहून बिलंदर. कोणती साखर पचते यावरून ओळख पटवणाऱ्या यंत्रांनी त्याला अनेकदा कॅन्डिडा हिमुलोनाय हे दुसरेच यीस्ट ठरवले. म्हणून शेवटी डीएनए वाचावा लागतो. रायबोसोमच्या जनुकांमधल्या एका छोट्या पट्ट्यातली अक्षरे बहुधा प्रजाती सांगून टाकतात.

एवढ्याने भागत नाही. सगळे कुलकर्णी काही एका घरातले नसतात. कॅन्ससच्या यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर ते चौथ्या, म्हणजे दक्षिण अमेरिकी म्हणवल्या जाणाऱ्या, शाखेतले निघाले.

हे घराणे शोधणे कशाला, याचे उत्तर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासात आहे. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात १५ बाळांमध्ये मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस सापडले होते. त्यांपैकी आठ जणांच्या रक्तात. कुत्रा तर कक्षाच्या आसपासही फिरकत नव्हता. तपासनीस कर्मचाऱ्यांच्या पाळीव कुत्र्यांपर्यंत पोचले. १२ कुत्र्यांवर हेच यीस्ट मिळाले, पण डीएनएचे ठसे बाळांशी जुळले ते तिघांचेच. एका कर्मचाऱ्याकडून घेतलेल्या यीस्टचा ठसाही तोच निघाला. हात धुण्याची शिस्त कडक केली आणि त्या कक्षात हे यीस्ट पुन्हा सापडले नाही.