जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क: घ्यायची कोणती?

शिराळ्यातून बोलतोय. माझा जुना लॅपटॉप चालू होईपर्यंत हातातला चहा गार व्हायचा. म्हटलं, ७२०० आरपीएमची वेगवान हार्ड डिस्क टाकू. बरं झालं, आधी जरा चौकशी केली.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइल्स लागतात आणि प्रत्येकीसाठी हेडला जागा शोधत पळावं लागतं. ७२०० घेतली तरी ही पळापळ राहतेच. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती घ्या.

पण कोणती? जुन्या लॅपटॉपला बहुतेक अडीच इंची साटा बसते. ती सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते. जुनी डिस्क १०० च्या आसपास. एनव्हीएमई याहून वेगवान, पण तिचा स्लॉटच नसेल तर पैसे पाण्यात. आधी मॉडेल नंबर टाकून बघा.

आणि डिस्क टकटक वाजत असेल तर घाई करा. मी आधी नागपंचमीचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, मगच स्क्रू खोलले. डिस्क परत मिळते, फोटो नाही मिळत. भेटू पुढच्या भागात!