दार का गोठते?

‘गॅरेज’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो ऑइलने माखलेला मेकॅनिक आणि चाके काढून ठेवलेली एखादी जुनी मोटार. अमेरिका, कॅनडा या देशांत मात्र गॅरेज म्हणजे दुरुस्तीची जागा नव्हे, तर घराला लागून बांधलेली मोटारीची खोली. तिला एक भलेमोठे दार असते, आणि कित्येक घरांतील माणसांची जा-ये पुढच्या दारापेक्षा याच दारातून अधिक होते. हिवाळ्यातील एखाद्या पहाटे हे दार जमिनीला असे चिकटून बसते की जणू कोणी सिमेंट ओतून ते बुजवून टाकले आहे. मोटार आत, माणूस आत आणि कामावर जाण्याची वेळ टळत चाललेली!

माझी थोरली बहीण अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहरी राहते. ती परिचारिका आहे. तिची पाळी सकाळी सातला सुरू होते आणि ती पोहोचल्याखेरीज रात्रपाळीच्या बाईंना घरी जाता येत नाही. तिच्याकडे दोन हिवाळे काढण्याचा योग मला आला. भूगोलाच्या तासाला ‘गोठणबिंदू’, ‘हिमवृष्टी’ हे शब्द आपण सारेच पाठ करतो. ते शब्द घराच्या उंबरठ्याशी येऊन बसले म्हणजे काय होते, हे सांगण्यापुरताच हा लेखनप्रपंच.

प्रथम दाराची रचना पाहू. आपल्या दुकानांचे शटर गुंडाळले जाते. हे दार गुंडाळले जात नाही. चार-पाच रुंद आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींस जोडलेल्या असतात. त्यांच्या दोन्ही टोकांची चाके भिंतीलगतच्या वळणदार रुळांतून फिरतात आणि दार वर जाऊन छताखाली आडवे होते. अमेरिकेत अशा वर उचलल्या जाणाऱ्या दाराचे श्रेय १९२१ साली सी. जी. जॉन्सन यांना दिले जाते. विजेच्या मोटरने ते उघडण्याची सोय १९२६ साली झाली. दोन मोटारींच्या दाराचे वजन सहज ७० ते १०० किलो भरते. तरी ते एका हाताने उचलता येते, कारण खरा भार विजेची मोटर वाहत नाही, दाराच्या वर आडव्या दांड्यावर पिळून बसवलेली पोलादी स्प्रिंग वाहते. मोटरचे काम केवळ ढकलण्याचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. दाराच्या तळाशी, वारा आत येऊ नये म्हणून, रबराची एक लांबलचक पट्टी असते. सारे रामायण घडते ते या पट्टीपाशी.

आता मुख्य प्रश्न. दार का गोठते? ‘थंडीने’ हे उत्तर कोणीही देईल. पण ते अर्धेच खरे आहे. मिनियापोलिसचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि रात्री पारा उणे २० च्याही खाली उतरतो. अशा कडाक्यात हिम पिठासारखे कोरडे असते. ते झाडूने झाडावे, कशाला चिकटत नाही. दार चिकटण्यासाठी थंडीआधी पाणी लागते, आणि ते पाणी बहुधा आपणच आत आणतो. मोटारीच्या टपावर, चाकांच्या खाचांत भरलेले हिम गॅरेजच्या उबेत वितळते. कोब्याला दाराच्या दिशेने मुद्दाम किंचित उतार दिलेला असतो, म्हणजे पाणी आत साचू नये. तेच पाणी ओघळत जाऊन रबरी पट्टीखाली थबकते. मध्यरात्री पारा शून्याखाली गेला की त्याचा बर्फ होतो. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. ते रबराच्या चिरांत, कोब्याच्या खड्ड्यांत शिरून घट्ट धरून ठेवते. म्हणूनच एकसारख्या कडक थंडीपेक्षा दुपारी ऊन आणि रात्री गोठण, अशा दिवसांत दारे अधिक गोठतात. माझ्या बहिणीच्या घरी सर्वांत घट्ट बसलेले दार मी पाहिले, ते छपरावरून दिवसभर पाणी टपकल्यानंतरच्या पहाटे.

दार गोठल्यावर माणसाचा पहिला हात बटणाकडे जातो. एकदा दाबले, उघडले नाही, पुन्हा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. येथेच नुकसान होते. खालून बर्फाने धरलेले आणि वरून मोटरने ओढलेले दार कोठेतरी हार खातेच. कधी रबर टराटरा फाटते, कधी मोटरचे दाते झिजतात, कधी वरची फळी वाकते. ताईचा नियम एकच होता : “ओढू नकोस, आधी बघ.”

बघायचे ते दोन ठिकाणी. प्रथम वर, स्प्रिंगकडे. तिच्या वेटोळ्यांत मध्येच फट दिसली तर स्प्रिंग तुटली आहे असे समजावे. थंडीत पोलादाचा चिवटपणा कमी होतो आणि आधीच थकलेली स्प्रिंग नेमकी अशाच पहाटे तुटते. मग दाराचे सारे वजन मोकळे होते. तेथे हात न लावता जाणत्या कारागिराला बोलवावे. स्प्रिंग शाबूत असली तरी तिच्याशी खेळू नये, कारण दार बंद असताना तिच्यात पीळ सर्वांत जास्त असतो. तो निसटला तर हात मोडतो, प्रसंगी जीवही जातो.

स्प्रिंग धड असेल तर मग खाली, उंबरठ्याशी पाहावे. बर्फाची रेघ दिसली की मोटरपासून दार सोडवणारी लाल दोरी ओढावी. दार वर असताना मात्र ही दोरी ओढू नये. मग रबरी हातोड्याने वा लाकडाच्या ठोकळ्याने तळाच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके ठोकत जावे. बर्फ ठिसूळ असतो. पुष्कळदा एवढ्यानेच तो सुटतो. पहार वा कुऱ्हाड चालवू नये, बर्फाआधी रबर तुटते. तरीही दार बधले नाही तर केस वाळवायचे यंत्र कडेने फिरवावे. उकळते पाणी ओतण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याने दार सुटते हे खरे. पण ते पाणी लगेच पुसून काढले नाही तर थोड्याच वेळात त्याचाच नवा बर्फ होतो.

मिठाचेही तसेच. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून तेथे रस्तोरस्ती मीठ पसरतात. पण साधे मीठ उणे ९-१० अंशांपर्यंतच कामाचे; त्याखाली ते बर्फावर नुसते पडून राहते. कॅल्शियम क्लोराइड याहून बऱ्याच कडक थंडीत चालते. दोन्ही बेतानेच वापरावीत, नाहीतर कोब्याचे पापुद्रे निघतात आणि दाराची पोलादी कड गंजते.

दार वर जाते पण खाली येताना अर्ध्यातून परत फिरते, ही तक्रार निराळी. उंबरठ्यालगत दोन्ही बाजूंस लहान ‘डोळे’ असतात; मूल किंवा मांजर मध्ये आले तर दार थांबावे म्हणून. १९९३ पासून तेथे बनणाऱ्या स्वयंचलित दारयंत्रांना अशी संरक्षक योजना सक्तीची आहे. हे डोळे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असल्याने हिमाने झाकले जातात. मऊ फडक्याने पुसले की काम भागते. ते काढून टाकण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दार उघडत नाही, तर मोटार चालू करून तिच्या उबेने बर्फ वितळवावा, असे एखाद्याच्या मनात येते. हा विचार जीवघेणा आहे. मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. शिवाय गॅरेजची एक भिंत घराचीच असते, त्यामुळे हा वायू निजलेल्या मुलांपर्यंत पोहोचतो. बंद गॅरेजमध्ये कोळशाची शेगडी पेटवणे हेही तितकेच घातक. आपल्या देशात उत्तरेकडे बंद खोलीत अंगीठी पेटवून निजलेली माणसे हिवाळ्यात दगावतात, ती याच वायूने. दार उशिरा उघडले तर फार तर एक पाळी चुकेल.

हे सारे झाले गोठल्यानंतरचे. खरा उपाय आदल्या दिवशीचा आहे, आणि तो फुकटात होतो. मोटार आत घेण्यापूर्वी तिच्यावरचे हिम बाहेरच झाडावे. रात्री निजण्यापूर्वी कोब्यावरचे पाणी रबरी पट्टीच्या झाडूने बाहेर लोटावे आणि उंबरठा कोरडा पुसावा. पन्हळीचे पाणी दारापुढे पडत असेल तर ते दुसरीकडे वळवावे. हिवाळ्यापूर्वी, ऑक्टोबरातच, चिरलेली रबरी पट्टी बदलावी आणि चांगल्या पट्टीवर सिलिकोनचा हलका हात फिरवावा. त्यावर पाणी ठरत नाही. घरातले साधे ग्रीस येथे लावू नये. ते रबर खराब करते, शिवाय थंडीत घट्ट होते.

कोकणात पावसाळ्यात लाकडी दारे फुगून चौकटीत अडकतात. आषाढात रंधा मारणाऱ्याच्या दाराला पुढे उन्हाळ्यात बोटभर फट पडते. शहाणा माणूस वैशाखातच दाराला तेलपाणी करून ठेवतो. मिनेसोटातील पोलादी दाराचा न्याय याहून वेगळा नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण तेथे थोडी बदलून सांगावी लागेल, इतकेच : पहाटे दार ओढण्यापेक्षा रात्री उंबरठा पुसावा. ताई झोपण्यापूर्वी पाच मिनिटे हे काम करीत असे आणि सातच्या ठोक्याला कामावर हजर असे.